कियांतीतल्या शेतावर वाईन आणि तेल चाखायला जाताना

इटलीची ट्रिप ठरली की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, तू फ्लोरेन्सला राहतेस ना, मग एखादं वाईनचं शेत सांग की. दर वेळी मी तेच तेच टाईप करते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं आणि पुढच्या वेळी हेच पाठवून मोकळं व्हावं. हे सगळं कियांतीबद्दल आहे, म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला डोंगराळ पट्टा. बाकी इटलीतही अशी शेतं भरपूर आहेत, पण मी फिरलेय ते इथेच.

एक आधीच सांगते. बहुतेक लोक जातात वाईनसाठी आणि ऑलिव्हच्या तेलाला "हां, ते ब्रेडबरोबर देतात ते" म्हणून सोडून देतात. माझं मत विचाराल तर तेलासाठी जा आणि वाईन बरोबर येते म्हणून प्या. वाईनच्या चांगल्या बाटल्या जगभर फिरतात, दुकानात मिळतात, पण आठ दिवसांपूर्वी घाण्यातून आलेलं तेल तिथेच मिळतं. आणि दुसरं म्हणजे तेल पारखायला जी जीभ लागते ती आपल्याकडे आधीच आहे, त्याचे शब्दसुद्धा मराठीत तयार आहेत. ते येईलच पुढे.

शेत कसं निवडायचं

कियांतीत मोठमोठे वाडे आणि किल्लेवजा वायनरी आहेत, तिथे बस भरभरून लोक येतात, गाईड वीस-पंचवीस जणांना एकदम फिरवतो आणि शेवटी दुकानातून बाहेर काढतात. नाशिकला वायनरी बघून आला असाल तर हा प्रकार साधारण ओळखीचा वाटेल. वाईट काही नाही त्यात, पण आपल्याला जायचंय ते घरच्या शेतावर, जिथे ज्यांनी द्राक्षं तोडली तेच ग्लासात ओतून देतात.

असं ठिकाण ओळखायला तीन-चार शब्द लक्षात ठेवा. आझिएंदा आग्रिकोला म्हणजे शेतीचा धंदा असलेलं घर. आग्रितुरिझ्मो म्हणजे जिथे राहायची-जेवायची सोय आहे असं शेत, आणि तिथे शेती हाच मुख्य उद्योग असला पाहिजे असा कायदा १९८५ पासून आहे, त्यामुळे नुसतं हॉटेल काढून शेताची पाटी लावता येत नाही. फ्रांतोयो म्हणजे तेलाचा घाणा. आणि रस्त्यावरून जाताना "वेंदिता दिरेत्ता" अशी पाटी दिसली तर तिथे थेट शेतातून विक्री आहे.

पोदेरे हा शब्द पण खूप दिसेल. पूर्वी इथे जमीन मालकाची असायची, कसणारं कुटुंब त्याच जमिनीवरच्या दगडी घरात राहायचं आणि पीक निम्मं निम्मं, आपल्याकडे शेत अर्धलीनं देतात ना, डिट्टो तसंच. त्या एका घराच्या वाट्याची जमीन म्हणजे पोदेरे. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले, त्याच काळात लोक शहराकडे नोकरीला गेले, घरं ओस पडली आणि पुढे स्वस्तात विकली गेली. म्हणून आज तुम्हाला तेल चाखायला देणारं कुटुंब कधी जुन्या कुळाचं असतं, कधी मिलानहून नोकरी सोडून आलेलं, कधी चक्क जर्मन. विचारा त्यांना, इथे कसे आलात म्हणून. याच्याइतका गप्पांना चालू करणारा प्रश्न दुसरा नाही.

बाटलीवर काळा कोंबडा दिसला तर ती कियांती क्लासिको, म्हणजे मूळ पट्ट्यातली. ही हद्द तेव्हा फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोनं १७१६ मध्ये आखून दिली होती, नंतर ती वाढली. नुसतं कियांती लिहिलेली वाईन आजूबाजूच्या बऱ्याच मोठ्या भागातली असू शकते, दोन्ही वेगळ्या. कोंबड्याची गोष्ट अशी सांगतात की फ्लोरेन्स आणि सिएनाचं हद्दीवरून भांडण होतं, मग ठरलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि भेटतील तिथे हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला, फ्लोरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो बिचारा भुकेनं पहाट व्हायच्या आधीच बोंबलला आणि यांचा स्वार सिएनापासून फक्त १२ किलोमीटरवर जाऊन पोचला. खरी-खोटी देव जाणे, पण प्रत्येक शेतावर ही गोष्ट सांगतात, तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवा.

कधी जायचं

द्राक्षांची तोडणी साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. फोटो छान येतात पण घरातली सगळी माणसं धावपळीत असतात, कुणाला बोलायला सवड नसते. ऑलिव्ह तोडतात ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. आता बघा, आपली दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. थंडी असते, पाऊस असू शकतो, पाचला अंधार पडतो, पण विमानाची तिकिटं उन्हाळ्यापेक्षा बरी मिळतात, गर्दी नसते आणि ओलियो नुओवो म्हणजे नवं तेल मिळतं, जे गडद हिरवं, गढूळसर आणि तिखट असतं.

मे-जूनमध्ये गेलात तरी काही बिघडत नाही, डोंगर हिरवेगार असतात, तेल तेवढं मागच्या हंगामाचं मिळेल. ऑगस्टच्या मध्यावर मात्र जाऊ नका, १५ ऑगस्ट त्यांची मोठी सुट्टी, अर्धा देश समुद्रावर आणि उरलेला अर्धा उन्हानं वैतागलेला.

बुकिंग, आणि जेवणाचं आधीच सांगणं

न कळवता गेलात तर दारात कुत्रा भेटेल, माणूस भेटेलच असं नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा, निदान आठवडाभर आधी. त्यात एवढंच लिहायचं की किती जण, कुठल्या दिवशी, इंग्लिशमध्ये चालेल का, घाण्यावर नेता येईल का, आणि कोण काय खात नाही. सकाळी अकरा किंवा दुपारी चार-साडेचारची वेळ मागा, मधे त्यांचं जेवण असतं आणि ते जेवण त्यांना प्रिय असतं. एका टेस्टिंगला दोन ते अडीच तास धरा, माणशी २५ ते ५० युरोच्या आसपास पडतं, काय काय खायला देतात त्यावर. यायचं रद्द झालं तर कृपा करून कळवा, तुमच्यासाठी कुणीतरी सकाळी गावात जाऊन ब्रेड आणलेला असतो.

शाकाहारी लोकांनी हे नीट वाचा. मी पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन गेले तेव्हा बुकिंगमध्ये नुसतं "व्हेज" लिहिलं आणि निवांत झाले. टेबलावर छोटे छोटे टोस्ट आले, वर तपकिरी काहीतरी लावलेलं, आईला वाटलं मशरूमची चटणी असेल, तिनं उचलला पण तोंडाजवळ नेल्यावर थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, याला वास कसला येतोय?" ते होते क्रोस्तीनी नेरी, म्हणजे कोंबडीच्या काळजाची पेस्ट. इथे प्रत्येक घरी करतात आणि पाहुण्यांपुढे पहिल्यांदा तेच येतं. कुणाची चूक नव्हती, इथल्या भाषेत मांस म्हणजे मोठा तुकडा, पेस्टबिस्ट त्यात सगळे धरत नाहीत. त्या दिवसापासून मी एकेक नाव लिहूनच पाठवते, मांस नको, मासे नकोत, सलामी नको, काळजाचे टोस्ट नकोत, अंडं खात असाल-नसाल तेही. बोलताना "सेन्झा कार्ने" म्हणजे मांसाशिवाय. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर नक्कीच आधी सांगा कारण टोस्टवर लसूण घासलेलाच असतो. आणि पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज बहुतेक वेळा रेनेटनं, म्हणजे प्राण्याच्या पोटातून काढलेल्या विरजणानं, विरजलेलं असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी ते बाजूला ठेवावं.

दारू न पिणाऱ्यांनीही जावं. फक्त तेलाचं टेस्टिंग मागता येतं, त्याचे पैसेही बऱ्याच ठिकाणी कमी घेतात. लहान मुलं नेली तर चालतात, शेतं मोठी असतात आणि कुत्री-मांजरं असतात, तेवढं त्यांना पुरतं.

पोचायचं कसं

गाडी भाड्यानं घेतली तर सोय मोठी, पण चालवणाऱ्यानं प्यायची नाही, सरळ हिशोब. इटलीत मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, लायसन मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. भारतातल्या लायसनबरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं, ते निघायच्या आधी आपल्या आरटीओतून काढून आणा. फ्लोरेन्सच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी घालू नका, कॅमेरे आहेत, त्या क्षणी कुणी अडवत नाही पण काही महिन्यांनी घरी दंड येतो, आमच्या एका मित्राला एकाच संध्याकाळचे दोन आले होते कारण तो आत जाऊन, रस्ता चुकला म्हणून बाहेर पडून, परत आत गेला.

दोन शहरांना जोडणारा कियांतिजाना नावाचा रस्ता सुंदर आहे पण वळणावळणाचा, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्या. शेताकडे वळलं की डांबर संपतं आणि पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता लागतो, मॅपवर दहा मिनिटं दाखवत असेल तर वीस धरा.

बसनं फ्लोरेन्सहून ग्रेवे गावापर्यंत साधारण तासाभरात जाता येतं. ग्रेवेचा चौक छान आहे, तिकोनी, बाजूनं कमानी. पण शेत गावात नसतं, पुढचे तीन-चार किलोमीटर कसे जायचं ते शेतवाल्यांना आधी विचारा, कधी कधी तेच घ्यायला येतात. आणि परतीची बस आधी बघून ठेवा, रविवारी तर दोनदा बघा. एका रविवारी आम्ही गप्पांत रमलो, बस गेली, पुढची तीन तासांनी होती, टॅक्सी म्हणाल तर गावात एकही नाही. शेवटी शेतवाल्यांच्या मुलानं त्याच्या टेम्पोवजा गाडीतून, मागे रिकामे क्रेट खडखडतायत अशा थाटात, आम्हाला फ्लोरेन्सपर्यंत सोडलं. चारजण असाल तर दिवसभराची ड्रायव्हरसह गाडी वाटून घेतलेली सगळ्यात शहाणपणाची.

त्या दिवशी सकाळी

परफ्यूम नको, अत्तर नको. सुपारी, पान, मिंटची गोळी नको. पोट रिकामं नको. बूट मात्र मातीत चालतील असे घाला.

आधी मळा

पोचल्या पोचल्या टेबलाकडे धावू नका, आधी शेत दाखवा म्हणा. द्राक्षाच्या ओळी दिसतातच, पण ऑलिव्हच्या झाडाच्या बुंध्याशी जरा वाकून बघा. बऱ्याच ठिकाणी एक खोड नसून तीन-चार खोडं एकाच बेचक्यातून गोलाकार वर आलेली दिसतील आणि मधे जुन्या, जाड बुंध्याचं काळपट लाकूड. जानेवारी १९८५ मध्ये इथे एवढी थंडी पडली की तोस्कानातली (म्हणजे टस्कनी, कियांती ज्यात येतं तो प्रांत) लाखो झाडं गोठून वरून मेली, लोकांनी ती जमिनीलगत कापली, आणि मुळातून जे फुटवे आले त्यातले तीन-चार राखले. तीच ही आजची झाडं. वर बघितलं तर तरुण झाड, खाली बघितलं तर म्हातारं. आमच्या शेतवाल्या बाईंनी त्या जुन्या लाकडावर हात ठेवून सांगितलं की तिच्या सासऱ्यांनी कापताना एकेक झाड मोजलं होतं, आणि आकडा ती पटकन बोलली, जसा आपण फोन नंबर बोलतो.

झाडांच्या जाती साधारण तीन-चार ऐकायला मिळतील, फ्रांतोयो, मोरायोलो, लेच्चिनो, आणि परागासाठी पेंदोलिनो. तोडणीच्या दिवसांत झाडाखाली जाळी अंथरतात आणि बॅटरीवर चालणाऱ्या लांब दांड्याच्या फणीनं फांद्या विंचरतात, फळं टपाटप खाली. मग त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, घाण्यावर न्यायची घाई, कारण क्रेटमध्ये पडून राहिलेलं ऑलिव्ह गरम होऊन आंबायला लागतं. घाणा म्हटल्यावर डोळ्यांसमोर दगडी चाक येईल, पण आता बहुतेक ठिकाणी स्टीलची मशीन आहेत. फळ बियांसकट कुटतं, त्याचा लगदा अर्धा-पाऊण तास हळूहळू ढवळतात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात गरगर फिरणाऱ्या मशीनमध्ये, तेल, पाणी आणि चोथा वेगळा होतो. हे सगळं २७ अंशांच्या खाली केलं तरच बाटलीवर कोल्ड एक्स्ट्रॅक्शन लिहिता येतं. आपल्याकडच्या लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचं कौतुक ज्याला आहे त्याला वेगळं काही समजवायला नको.

शंभर किलो ऑलिव्हमधून बारा-पंधरा किलो तेल निघतं. हा आकडा डोक्यात ठेवा, नंतर किंमत बघताना उपयोगी पडेल.

वाईन

यावर मी फार वेळ घालवणार नाही, याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. हलकी वाईन आधी, भारी नंतर. ग्लास दांडीनं धरा, बघा, हुंगा, गोल फिरवा, परत हुंगा, छोटा घोट घेऊन तोंडभर फिरवा. टेबलावर थुंकायला भांडं असतं, त्यात थुंकणं अजिबात वाईट दिसत नाही, उलट जाणकार समजतात. माझे बाबा म्हणाले "पैसे दिलेत, थुंकू कशाला", आणि चौथ्या ग्लासानंतर ते शेतवाल्यांना सदाशिव पेठेतल्या पार्किंगचा प्रश्न मराठीतून समजावत होते.

कियांती क्लासिकोत निदान ८० टक्के सांजोवेझे नावाचं द्राक्ष असतं. साधी वाईन वर्षभर मुरवतात, रिझेर्वा ही वरची प्रत दोन वर्षं, ग्रान सेलेत्सिओने ही सगळ्यात वरची अडीच वर्षं. आता चवीचं. तुम्हाला कुणीतरी सांगेल, यात चेरी आहे, व्हायोलेटची फुलं आहेत. तुम्ही व्हायोलेट हुंगलं नसेल तर मान डोलवू नका, आपल्या फळांत विचार करा. मला साध्या कियांतीत करवंद येतं, जुन्या रिझेर्वात वाळलेलं आवळकाठीसारखं काहीतरी आणि तपकिरीच्या डबीचा वास. आणि ते ज्याला टॅनिन म्हणतात, हिरड्या आवळल्यासारख्या होतात ते, त्याला आपल्याकडे तुरट हा सरळ शब्द आहे, जांभूळ खाऊन जीभ जड होते तसं. मी एकदा तिथे जांभळाचा फोटो मोबाईलवर दाखवून तुरट म्हणजे काय ते समजावलं, त्यांना पटलं.

आता तेल

चांगल्या शेतावर तेल ब्रेडशिवाय चाखायला देतात. छोट्या ग्लासात किंवा कपात चमचाभर ओततात. अधिकृत परीक्षकांचा ग्लास गडद निळा असतो, मुद्दाम, तेलाचा रंग दिसू नये म्हणून, कारण हिरवं ते चांगलं आणि पिवळं ते वाईट असं काही नसतं. त्यांचं तेल २८ अंशांना आणून ठेवलेलं असतं, आपण तेच हातानं करायचं. ग्लास एका तळव्यात घ्या, दुसरा तळवा झाकणासारखा वर ठेवा आणि मिनिटभर ऊब द्या, हळूहळू फिरवत.

झाकण काढून लगेच नाक घाला. काय येतंय? इटालियन लोक म्हणतील आर्टिचोक, कापलेलं गवत, कच्चा बदाम. आपल्या नाकाला कच्च्या केळ्याची साल येईल, टोमॅटोच्या झाडाचा पाला हाताला लागल्यावर येतो तो वास येईल, कधी कैरी फोडतानाचा. काहीही आलं तरी बोला, चूक-बरोबर नाही. काहीच आलं नाही तर तेलात दम नाही.

मग छोटा घोट. जिभेवर पसरू द्या आणि दात जवळ आणून दातांच्या फटीतून हवा आत ओढा, आवाज करत. हा आवाज करायला परदेशी लोक लाजतात, आपण लाजायचं कारण नाही, बशीतून गरम चहा फुर्रकन ओढायचा तो हाच. ज्या आवाजासाठी लहानपणी आईनं डोळे वटारले तोच इथे पद्धत म्हणून शिकवतात, आणि माझ्या बाबांनी तो पहिल्याच प्रयत्नात इतका अस्सल काढला की शेतवाल्या बाईंनी टाळी वाजवली.

गिळा आणि थांबा. तीन-चार सेकंद काही नाही. मग जिभेच्या मागे कडवटपणा, आणि नंतर घशात खवखव, मिरी अडकल्यासारखी. खोकला येईल. नव्या तेलानं दोनदा येईल.

इथेच आमच्या आईचा चेहरा पडला. ती मला हळूच म्हणाली, "तेल खराब झालंय वाटतं, सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल." उलट होतं. ही खवखव म्हणजे तेल ताजं आणि जोमदार असल्याची खूण. कडू आणि तिखट हे दोन्ही परीक्षकांच्या कागदावर गुणांच्या रकान्यात असतात, दोषांच्या नाही. घशात झोंबणाऱ्या त्या पदार्थाला ओलिओकँथाल नाव २००५ मध्ये मिळालं, तेव्हा शास्त्रज्ञांना हेही दिसलं की तो आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या औषधासारखं काम करतो. म्हणून काही औषध म्हणून बाटलीभर पिऊ नका, प्रमाण फार थोडं असतं.

मी आईला हे सांगितलं, बाईंना पण सांगितलं आईला काय वाटलं ते. त्या हसल्या, आत गेल्या आणि एक अर्धवट भरलेली पारदर्शक बाटली घेऊन आल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्षभर राहिलेली. ग्लासात ओतली आणि आईपुढे धरली. आईनं तोंडात घातलंच नाही, नुसतं नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "खवट." जुनं खोबरं हुंगून बाजूला टाकताना म्हणते त्याच सुरात. बाईंनी तिच्याकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. कावत्, कावत्.

म्हणून म्हटलं शब्द आपल्याकडे तयार आहेत. तेलाचे जे मुख्य दोष परीक्षक शोधतात ते बघा, एक खवट, म्हणजे हवा-उजेड लागून जुनं झालेलं. दुसरा कुबट, म्हणजे बुरशी लागलेल्या फळाचं. तिसरा आंबूस, म्हणजे ढिगात पडून आंबलेल्या फळाचं. यातला एकही दोष नाही, फळाचा वास आहे आणि आम्लता ०.८ टक्क्याच्या आत आहे, तर ते एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रतीचं. ज्या घरात पापड-कुरडयांचे डबे हुंगून उघडतात त्या घरातल्या माणसाला याचा कोर्स करायची गरज नाही.

दोन तेलांच्या मधे सफरचंदाची फोड आणि पाणी. तीन-चार तेलांपुढे जाऊ नका, जीभ दमते.

खाणं

आधी एक इशारा, पर्समधली लसणाची चटणी चाखणं संपेपर्यंत बाहेर काढू नका. तिखट लागलेल्या जिभेला वाईन आणि तेल दोन्ही सारखंच लागतं. नंतर मात्र जरूर काढा.

तोस्कानातल्या ब्रेडमध्ये मीठ नसतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटतं बेकरीवाला विसरला. तो जाडसर कापून विस्तवावर भाजतात, गरम असतानाच लसणाची पाकळी घासतात, वरून तेल अगदी निथळेपर्यंत आणि चिमूटभर मीठ. हे फेत्तुंता. नव्या तेलाच्या दिवसांत यापुढे बाकीचं जेवण झक मारतं. सोबत पांढरे बीन्स, कच्च्या भाज्या तेलात बुडवून खायला, पेकोरिनो. शेवटी विन सांतो देतात, वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाईन, छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरलेली, आणि त्यात बुडवायला बदामाची कडक बिस्किटं. बिस्किटात अंडं असतं.

आईनं सगळं झाल्यावर चटणी काढली, तेल घालून कालवली, भाजलेल्या ब्रेडवर लावली. बाईंच्या नवऱ्यानं दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला नाही पण डोळ्यांतून पाणी येत असताना डबीकडे बघत होता.

विकत घेणं आणि घरी आणणं

घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण दोन-अडीच तास कुणी वेळ दिला असेल तर एखादी बाटली घेतात. टीप द्यायची पद्धत नाही. घासाघीस करू नका. तेल सुपरमार्केटच्या दुप्पट-तिप्पट महाग वाटेल, तेव्हा ते शंभर किलोतले बारा-पंधरा किलो आठवा.

तेल घेताना बाटलीवर तोडणीचं वर्ष बघा. पारदर्शक काचेतलं घेऊ नका, गडद बाटली किंवा पत्र्याचा डबा घ्या, प्रवासाला डबाच बरा. केबिन बॅगेत यातलं काही चालत नाही, चेक-इनमध्येच टाका. डब्याच्या झाकणाला टेप, मग दोन झिपच्या पिशव्या, मग जीन्समध्ये गुंडाळा, आणि बॅगेच्या मधोमध. भारतात येताना माणशी २ लिटर दारू ड्युटी फ्री आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, तिसरी आणली की २ लिटरच्या वर जाते आणि ड्युटी भरावी लागते.

घरी आल्यावर ते तेल ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका, बंद कपाटात ठेवा. फोडणीला घालू नका. घातलं तर बिघडत काही नाही, पण ज्या वासासाठी एवढे पैसे दिले तो उडून जातो. वरण-भातावर, पिठल्यावर, थालीपिठाच्या भोकात, ज्वारीच्या भाकरीबरोबर चटणीवर कच्चंच घ्या. पाहुण्यांसाठी जपून ठेवायची आपली सवय इथे मोडा, उघडलेलं तेल दोन-तीन महिन्यांत संपवायचं. तरी तळाशी थोडं राहिलंच आणि हुंगल्यावर खवट आलं तर टाकू नका, पणतीत घाला. खाण्याच्या लायकीचं नसलेल्या तेलाचं इटलीतलं कायदेशीर नावसुद्धा लाम्पान्ते आहे, म्हणजे दिव्याचं.